रोमला न जाणारी बोट

ज्याला रोम पाहायचं आहे त्यानं बोटीनं जाऊ नये, कारण बोट रोमला जात नाही. ती चिविटावेकियाला जाते. हे गाव रोमपासून ७०-८० किलोमीटरवर आहे. सम्राट ट्रेजननं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथं बंदर बांधलं तेव्हाही ते तेवढंच लांब होतं आणि क्रूझ कंपन्यांनी इतकी वर्षं ‘रोम, रोम’ असा जप करूनही ते इंचभर सरकलेलं नाही. माहितीपत्रकात मात्र ठसठशीत अक्षरांत ‘रोम’ आणि त्याच्या शेजारी, चाळिशी लागलेल्याला दिसणार नाही अशा बेतानं, कंसात चिविटावेकिया. फ्लॉरेन्सचं बंदर लिव्होर्नो, अंतर ९० किलोमीटर. पॅरिसचं ल हाव्र, अंतर २००. बर्लिनला तर समुद्रच नाही. पण कंपन्यांनी तोही शोधून काढला, वार्नेम्युंडे नावाच्या गावी, दोनशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला. व्हेनिस हे एक शहर असं होतं की जिथं बोट खरोखर शहराच्या अंगणातून जायची. तिथं इटलीच्या सरकारनं १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना शहरासमोरच्या कालव्यात बंदी घातली. तेव्हा काही कंपन्यांचं ‘व्हेनिस’ मुकाट्यानं उठून राव्हेन्नाला गेलं. बसनं दोन तासांहून अधिक.

कर्जतच्या पलीकडे इमारत बांधून ‘मुंबईपासून हाकेच्या अंतरावर’ अशी जाहिरात देणाऱ्या आपल्या बिल्डरांना आपण उगाच नावं ठेवतो. ते बिचारे फ्लॅट विकून मोकळे होतात. बोटवाला फ्लॅट विकतो आणि मग स्टेशनपर्यंतच्या रिक्षाचेही पैसे घेतो.

या रिक्षाचं नाव शोअर एक्स्कर्शन. तिचे प्रकार शेकडो, पण त्यातला सर्वांत तात्त्विक प्रकार म्हणजे ‘रोम ऑन युअर ओन’. यात कंपनीची बस तुम्हाला रोममध्ये सोडते आणि निघून जाते. गाइड नाही, कुठली तिकिटं नाहीत, जेवण नाही. ठरल्या वेळी त्याच कोपऱ्यावर येऊन उभं राहायचं, म्हणजे बस पुन्हा उचलते. चिविटावेकियाहून रोमला साधी रेल्वेगाडी जाते, तास-सव्वा तासात पोचवते आणि तिचं तिकीट पाच युरोंच्या आसपास असतं. कंपनीच्या बसला त्याच्या दहापटीहून जास्त पडतात. म्हणजे हे पैसे वाहतुकीचे नाहीत. एकटं सोडून देण्याचे आहेत. संसारी माणसाला हा दर महाग वाटणार नाही, हे कंपनीनं बरोबर ताडलेलं आहे.

ज्यांना एकटं राहण्याची सवय उरलेली नाही त्यांच्यासाठी गाइडसकट सहल. सकाळी सव्वासातला बोटीच्या थिएटरात जमायचं. शर्टावर आकड्याचं स्टिकर चिकटवून घ्यायचं. ‘ट्वेंटी वन, ट्वेंटी वन’ अशी हाक आली की उठायचं आणि काठीवर २१ आकडा धरलेल्या बाईमागे चालू लागायचं. घरात ज्यांनी कुणाचं कधी ऐकलं नाही असे निवृत्त साहेबलोक त्या काठीमागे शाळकरी पोरांच्या शिस्तीत जाताना मी पाहिले आहेत. लिव्होर्नोहून एका दिवसात पिसा आणि फ्लॉरेन्स अशी दोन गावं उरकतात. तीन-साडेतीन तास बसमध्ये, तासभर कलत्या मनोऱ्यापुढे तळहात वर करून फोटो काढण्यात. उरलेल्या वेळात फ्लॉरेन्स, आणि त्यातली पाऊण तासाची नेमणूक चामड्याच्या दुकानात. मायकेलअँजेलोचा डेव्हिड अकादमीच्या संग्रहालयात आहे आणि बऱ्याचशा सहलींत अकादमी नसते. पण चौकात त्याची प्रतिकृती उभी आहे. फोटोत फरक कळत नाही, यावर बसमध्ये एकमत झालं.

आमच्या साडूंनी या सगळ्याची तयारी सहा महिने आधी सुरू केली होती. साडू बँकेतून निवृत्त झालेले. ताळेबंद जुळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, लिव्होर्नो, चिविटावेकिया, नेपल्स, पाल्मा आणि परत अशी सात रात्रींची सफर. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, पडद्यावर एक्सेलचा तक्ता आणि साडूंचा आवाज. प्रत्येक बंदराला एक रंग, प्रत्येक जादा खर्चाला एक रकाना. वायफाय किती उपकरणांना घ्यायचं, बाल्कनीच्या खोलीसाठी बोली लावायची का, स्टेकचं वेगळं रेस्टॉरंट (आम्ही चौघंही शाकाहारी) आधी घेतलं तर सवलत किती, अशी विषयपत्रिका. तिसऱ्या रविवारी मद्याचं पॅकेज निघालं.

“अहो, मी कोकम सरबत पिणारी बाई. मला दारूचं पॅकेज कशाला?” साडूंच्या बायको, म्हणजे आमच्या अक्का, म्हणाल्या.

“नियम आहे. एका खोलीतल्या एकानं घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसानंही घ्यायचं.”

“का म्हणून?”

“नाहीतर एकाच्या पॅकेजवर दोघं पितात.”

“मग बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही तेच करणार होतात.”

कॉलवर थोडा वेळ शांतता पसरली. मग साडूंनी तक्ता पुढे सरकवला. पॅकेजच्या रकमेवर १८ ते २० टक्के सेवाशुल्क, गुणिले दोन माणसं, गुणिले सात दिवस. दिवसाला पाच-सहा पेले रिचवले तरच पैसे फिटतात असं उत्तर आलं. साडू महिन्याला दोन पेगांचे गृहस्थ. एका अमेरिकी कंपनीच्या पॅकेजात चोवीस तासांत १५ पेल्यांची मर्यादा असते असं त्यांना कुठूनसं कळलं होतं. कंपनीनं ती मर्यादा म्हणून घातली. साडूंना ते उद्दिष्ट वाटलं. त्यांनी वेळापत्रक आखायला घेतलं, तर ज्या दिवशी किनाऱ्यावर उतरायचं तो दिवस कोरडा जाणार हे लक्षात आलं. मग पोम्पेई रद्द करावं का, यावर गंभीर चर्चा झाली. व्हेसुव्हियसनं इसवी सन ७९ मध्ये गाडलेलं जे गाव राखेनं जवळजवळ सतराशे वर्षं जपलं, ते पाच पेगांपायी आमच्या हातचं जाणार होतं. शेवटी पॅकेज गेलं आणि पोम्पेई राहिलं. त्याचं श्रेय इतिहासप्रेमाला नाही, अक्कांच्या कोकमाला आहे.

नेपल्सचं बंदर मात्र खरोखर नेपल्समध्ये आहे. बोटीतून उतरलं की समोर मध्ययुगीन किल्ला. गारिबाल्दी स्थानकातून पोम्पेईला स्थानिक रेल्वे जाते, पाऊण तासाच्या आत पोचते आणि तिथल्या स्टेशनाबाहेर आलं की उत्खननाचं दार दिसतं. इतकं सोपं ठिकाण असेल तिथं कंपनी सोय काय विकणार? तिथं ती भीती विकते. कंपनीची बस उशिरा आली तर बोट थांबते. तुमची रेल्वे उशिरा आली तर बोट निघते. ही धमकी खोटी नाही. वेळेत न परतलेल्या माणसाचा पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीतून काढून धक्क्यावरच्या एजंटाकडे ठेवतात. पुढचं बंदर गाठायचं तुम्ही, तुमच्या खर्चानं. आणि वरच्या डेकवर, निघायच्या अर्धा तास आधीपासून, ग्लास हातात घेऊन कठड्याला टेकलेली मंडळी धक्क्यावरून पळत येणाऱ्यांची वाट पाहत असतात. एखादं जोडपं पिशव्या सांभाळत धावताना दिसलं की टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल. याला जादा तिकीट नसल्यामुळे गर्दी नाटकापेक्षा जास्त होते.

आम्ही चौघं पोम्पेईहून अडीच तास आधी परत आलो, कारण साडूंना ही टाळ्यांची कल्पना सहन होईना. रिकाम्या बोटीवर बसून अक्कांनी कोकमाचं पाकीट फोडलं.

आता साडूंच्या तक्त्यात पुढल्या वर्षीचं पान उघडलं आहे आणि त्यावर सांतोरिनी आहे. तिथं मोठ्या जहाजाला लागायला धक्काच नाही. बोट खोल पाण्यात उभी राहते आणि लहान नावांतून माणसं किनाऱ्यावर नेतात. याला टेंडर म्हणतात आणि त्याचे नंबर लावावे लागतात. कोकणच्या बोटीनं गावी जाणारी आपली जुनी पिढी भर समुद्रात पडावात उतरायची, खलाशी बखोटीला धरून उतरवायचा आणि त्याला कुणी अनुभव म्हणायचं नाही. सांतोरिनीला पडावातून उतरल्यावर समोर उभा कडा. वर जायला तीन वाटा: केबल कार, खेचर किंवा सुमारे सहाशे पायऱ्या, आणि पायऱ्या घेतल्या तर खेचरांनी आधी काय करून ठेवलंय ते पाहत चढायचं. कंपनीच्या सहलीवाल्यांना दुसऱ्या बंदरात उतरवून बसनं वर नेतात, म्हणून ते खुशीत असतात. संध्याकाळी खाली यायला तेही त्याच केबल कारच्या रांगेत, बाकीच्यांमागे. या बेटावरची गर्दी एवढी वाढली की ग्रीसनं क्रूझ प्रवाशांची संख्या दिवसाला ८ हजारांवर आणायचं ठरवलं आणि जुलै २०२५ पासून भर हंगामात माणशी २० युरो आकारायला सुरुवात केली. साडूंनी त्याला नवा रकाना उघडला: ‘पाय ठेवण्याचे’.

बेटाचे वीस युरो निदान सांगून घेतात. बोटीवरचे पैसे कधी गेले ते कळत नाही, कारण तिथं नोटेला काम नसतं. पहिल्या दिवशी गळ्यात एक कार्ड अडकवतात, ते तुमच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं असतं. पुढचे सात दिवस तुम्ही ते टेकवत हिंडता. मोठ्या अमेरिकी क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटातून येत नाही, तो या टेकवण्यातून येतो. त्यांच्याच वार्षिक अहवालांत हे छापलेलं असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्याकडे उधळ्या माणसाला हिणवायला वापरतात. तिकडे तिच्यावर शेअर बाजारात कंपन्या चालतात.

मसाल्याचे मासले पाहा. बोटीवर चढताना पायरीशी फोटोग्राफर, त्याच्या शेजारी डॉल्फिनच्या पोशाखात घामाघूम झालेला एक कर्मचारी. फोटो काढणं फुकट, घरी नेणं वीस-पंचवीस डॉलर. चित्रांच्या लिलावात शॅम्पेन फुकट, त्यामुळे चित्र कुणाचं आहे हे दुसऱ्या ग्लासानंतर गौण ठरतं. पायाच्या ठशांवरून पाठदुखीचं कारण सांगणारं व्याख्यानही फुकट. सर्वांच्या पाठदुखीवर एकच उपाय निघतो: बुटात घालायच्या सुखतळ्या, डॉलरमध्ये. कसिनो आणि ड्युटी फ्री दुकानं बोट धक्क्याला असेतो बंद असतात, कारण किनाऱ्यावर त्या त्या देशाचा कायदा. समुद्रात शिरलं की बहामाचा किंवा पनामाचा झेंडा फडफडतो आणि पत्ते पिसायला लागतात.

टिपचं वेगळं. ती द्यायची नसते, ती आपोआप कापली जाते, माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर. चौघं, सात रात्री, १८ डॉलरनं ५०४ डॉलर. साडू हा आकडा पाहून दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. आमच्या खोल्या आवरणारा मुलगा गोव्याचा निघाला. गोव्यातली कितीतरी घरं या तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, पगारावर उभी आहेत. वर्षातले आठ-नऊ महिने दुसऱ्यांच्या चादरी बदलायच्या आणि उरलेले घरच्यांचे चेहरे ओळखीचे करून घ्यायला. रोज संध्याकाळी तो टॉवेलचा हत्ती, माकड असं काही करून पलंगावर ठेवायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं आमच्या कोपऱ्यातल्या बारा बाटल्यांच्या पॅकेजकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “दादा, पाणी कशाला विकत घेतलंत? नळाचं चांगलं असतं, आम्ही तेच पितो.” सहा महिन्यांच्या एक्सेलमध्ये जी ओळ नव्हती ती त्यानं दोन वाक्यांत सांगितली. शेवटच्या दिवशी साडूंनी त्याच्या हातात वेगळे वीस डॉलर ठेवले आणि त्या रकान्याला नाव दिलं नाही.

तेव्हा क्रूझला अवश्य जा, समुद्र छान असतो आणि त्याचे अजून पैसे पडत नाहीत. बंदराचं नाव वाचताना कंसातलं आधी वाचा, नकाशावर अंतर मोजा आणि मगच सहल घ्यायची की रेल्वे ते ठरवा. गाव लांब आणि गाडी एकच असेल तर कंपनीची बस निमूटपणे घ्या. बंदर गावातच असेल तर पायी उतरा आणि दोन तास हाताशी ठेवून परत या. मध्येच तुर्कस्तानात शिरून पुन्हा ग्रीसला येणारी बोट असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, हे पैसे भरण्याआधी बघा. खात्यावर काय चढतंय ते रोज रात्री तपासा, शेवटच्या सकाळी तक्रारीच्या खिडकीपुढे सगळी बोट उभी असते. आणि शेवटच्या रात्री अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या बोटीनं नेल्या की थेट धक्क्यावरच दिसतात. म्हणून सकाळी घालायची पँट आधी बाहेर काढून ठेवा.