युरोपात बिल येण्यापूर्वी करावयाचा अभ्यास

युरोपची सहल ठरली की घरात थर्मल, मेतकूट आणि ॲडॅप्टर यांची यादी होते. बिलाची तयारी कोणी करत नाही. ती रेस्टॉरंटमध्ये काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढल्यावर सुरू होते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. सदर मार्गदर्शन त्या काकांसाठी.

पहिला नियम : शक्यतो बसू नये. इटलीत काउंटरपाशी उभ्याने घेतलेली कॉफी एका भावात मिळते, तीच टेबलावर घेतली तर भाव चढतो. व्हेनिसच्या सान मार्को चौकात तर वाद्यवृंद वाजत असताना बाहेरच्या खुर्चीवर बसले, तर संगीताचे माणशी काही युरो वेगळे लागतात. ‘आम्ही गप्पा मारत होतो, ऐकत नव्हतो’ ही सबब चालत नाही. कानात कापसाचे बोळे घातल्यास सवलत मिळते असेही ऐकिवात नाही. मात्र ही रक्कम मेन्यूत बारीक अक्षरांत लिहिलेली असते, त्यामुळे फसवले म्हणून ओरडण्याचे समाधानही लाभत नाही.

तरीही पाय दुखून बसावेच लागले, तर बिलात ‘कोपेर्तो ४ × २,५०’ अशी ओळ येईल. तिथे दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात; अडीचशे समजून कोणी छातीला हात लावू नये. ‘हे आम्ही मागवलंच नाही’ असे मामी हमखास म्हणतात. बरोबर आहे, कोपेर्तो मागवायचा नसतोच. टेबलावरचे कापड, काटे-चमचे आणि पाव यांच्यासाठी तो माणशी लागतो. पाव खाल्ला नाही म्हणून तो कमी होत नाही, तेव्हा खाऊन घ्यावा. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे, तिथे २००६च्या कायद्याने कोपेर्तोला मनाई आहे. पावाचे पैसे मात्र लावता येतात. रोमच्या बिलात ‘पाने’ दिसली, तर ती विड्याची नव्हेत. याखेरीज ‘सेर्वित्सिओ’ अशी टक्केवारीची ओळ असेल, तर वर टीप ठेवण्याचा मोठेपणा करू नये.

इथे काही अभ्यासू मंडळी वेटरला भारतीय कायदा सांगतात. आपल्याकडे २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क परस्पर बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलूनही धरल्या. निकाल उत्तम आहे. तो व्हेनिसच्या वेटरवर बंधनकारक नाही.

पोर्तुगालमध्ये परीक्षा अधिक कठीण. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज न मागता समोर येते, आणि समोर आलेले परत पाठवू नये हे आपल्यावरचे संस्कार तिथे युरोत मोजले जातात. कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे : न मागवलेल्या आणि न वापरलेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून निर्णय होईपर्यंत सर्वांनी हात मांडीवर ठेवावेत आणि लहान मुलांना टेबलाच्या दूरच्या टोकाला बसवावे. एक ऑलिव्ह तोंडात गेले की वाटी आपली.

पॅरिसात नियम सरळ आहेत. सेवेचे पैसे छापील भावातच धरलेले असतात. आवडले तर एखादे नाणे ठेवावे, नाही ठेवले तरी कोणी मागे धावत येत नाही. पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणावे, म्हणजे नळाचे पाणी फुकट येते. नुसते ‘वॉटर’ म्हणणाऱ्यास बाटली मिळते.

जर्मनीत टीप टेबलावर ठेवून निघण्याची पद्धत नाही, ती पैसे देतानाच सांगायची असते. बिल २७ युरो ४० सेंट झाले, तर ‘तीस’ म्हणायचे. पन्नासची नोट पुढे करताना सवयीने ‘डांके’ म्हणू नये. उरलेले ठेवून घ्या असा त्याचा अर्थ घेतला जाऊ शकतो. आभार सुटे हातात पडल्यावर मानावेत.

लंडनमध्ये बिलात बहुधा १२.५ टक्के आधीच घातलेले असतात, शेजारी ‘ऐच्छिक’ असे लिहून. म्हणजे ‘काढून टाका’ असे सांगता येते. फक्त ते मोठ्याने, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असे सांगावे लागते, आणि हे काम पुरुषमंडळी एकमुखाने मामींवर सोपवतात. मामींनी एवढे लक्षात घ्यावे की ऑक्टोबर २०२४पासून ही रक्कम पूर्णपणे कर्मचाऱ्यांना देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. सेवा चांगली असेल, तर राहू द्यावी.

शेवटी कार्डाचे यंत्र पुढे येते आणि रुपयांत भरणार की युरोत, असे आपुलकीने विचारते. परमुलखात रुपया पाहून ऊर भरून येतो, पण त्या आपुलकीचा विनिमय दर बहुतेक वेळा बँकेच्या दरापेक्षा महाग असतो. देशप्रेम मायदेशी परतल्यावर दाखवता येईल. इथे युरोचे बटण दाबा, लंडनमध्ये पौंडाचे.