सेवेस सज्ज

आमच्या निमोणे पट्ट्यात तीन गोष्टी रात्रीच्याच येतात. शेतीपंपाची लाईट, बिबट्या आणि इंटरनेट.

लाईटीचं निदान वेळापत्रक तरी असतं. बिबट्याचं नसतं, पण तो शब्दाचा पक्का आहे. ऊस आहे तिथं तो आहे. तिसऱ्याची तऱ्हा निराळी. दिवसभर सगळी आळी मोबाईल चोळत बसलेली असते, तेव्हा पडद्यावर नुसता गोळा फिरतो. रात्री साडेअकराला गाव झोपलं, की तेच नेट उधळल्यासारखं पळतं. म्हणजे ई-पीक पाहणीसाठी दुपारी काढलेला कांद्याचा फोटो रात्री चढवायचा. त्यासाठी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जायचं, एका हातात मोबाईल, एका हातात बॅटरी. वन खातं म्हणतं, रात्री एकट्यानं बाहेर पडू नका. महसूल खातं म्हणतं, मुदतीच्या आत नोंद करा. दोन्ही खाती आपल्या जागी बरोबर आहेत. चूक आमची, आम्ही दोघांच्या मधे राहतो.

गेल्या महिन्यात पंचक्रोशीतल्या एका गावच्या पंचायतीत दाखला काढायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सोयरीक आहे. भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरींच्या वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर एक लोखंडी पेटी दिसली. तिला कुलूप होतं, कुलपावर कोळ्याचं जाळं होतं, आणि फटीतून एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ते काय हो?" मी शिपाईमामांना विचारलं.

"नेट."

"चालू आहे?"

"दिवा लागतो की."

समोर संगणकावर बसलेला पोरगा मात्र स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून दाखले छापत होता. मोबाईल खिडकीच्या गजाला रबरानं बांधलेला. एकदा मधेच त्याच्या मावशीचा फोन आला आणि अख्ख्या ग्रामपंचायतीचं कामकाज सात मिनिटं थांबलं. मावशीच्या घरी म्हैस व्यालेली होती. सगळी रांग शांतपणे ऐकत होती. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पुढे कळलं, की सरकारी दप्तरात ते गाव 'सेवेस सज्ज' आहे. हा शब्द मला फार आवडला. 'सुरू' म्हटलं की कुणी तरी येऊन बटण दाबून बघणार. 'सज्ज' म्हटलं की झालं. नवरदेव सज्ज आहे, घोडा सज्ज आहे, बँडवालेही सज्ज आहेत, मुलगी बघायची राहिली आहे एवढंच. देशात अशा सज्ज पंचायती २ लाख १४ हजारांच्या घरात आहेत. त्यातल्या किती पंचायतींत दाखला गजाला बांधलेल्या मोबाईलवर निघतो, याचा रकाना तक्त्यात नाही. तक्ता करणाऱ्याला दोष देऊ नये. रकाना केला, की भरावा लागतो.

ही पेटी आली कुठून, त्याची कथा जुनी आहे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं, की अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची. खर्च वीसेक हजार कोटी, मुदत दोन वर्षं. नाव ठेवलं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क. दोन वर्षं झाली, बाळ काही रांगेना. इतरांच्या घरी असं झालं, की पोराला डॉक्टरकडे नेतात. सरकारच्या घरी बारसं करतात. २०१५ साली त्याचं नाव 'भारतनेट' ठेवलं. महाराष्ट्राच्या वाट्याच्या कामाला आपण लाडानं 'महानेट' म्हणू लागलो. तार टाकायला २०१२ साली खास कंपनी काढली होती, ती पुढे बीएसएनएलच्या ओटीत घातली. ज्या निधीतून हे सगळं चालतं, त्या सार्वत्रिक सेवा दायित्व निधीचंही नाव बदलून 'डिजिटल भारत निधी' झालं. घुगऱ्या वाटून वाटून गावकरी दमले.

खर्चानं मात्र बाळसं धरलं. वीस हजार कोटींचे २०१७ साली बेचाळीस हजार झाले, २०२१ साली एकसष्ट हजार. त्या वर्षी सोळा राज्यांचं काम खासगी कंपन्यांना भागीदारीत द्यायचं ठरलं, सरकार वर १९,०४१ कोटी घालणार होतं. निविदा काढली. एकही जण फिरकला नाही. एकोणीस हजार कोटी ताटात वाढलेत आणि पंगतीला कुणी बसत नाही, असं या देशात सहसा होत नाही. मग ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रम आला, १,३९,५७९ कोटींचा. त्याआधी १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून शब्द मिळाला होता, की हजार दिवसांत सहा लाख गावं तारेनं जोडू. आमच्या तात्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर दिवस मोजले. हजारावा दिवस १२ मे २०२३ ला आला. त्या दिवशी तात्या टाकीच्या जिन्यावर होते.

हा पैसा कुणाचा, हे विचारायला आम्हाला लाज वाटायची. फुकटचं घेणाऱ्यानं चौकशा करू नयेत. मग एका जाणकारानं समजावलं. टेलिफोन कंपन्यांच्या समायोजित महसुलातले शंभराला पाच रुपये या निधीत जातात. आणि कंपन्यांचा महसूल म्हणजे तात्यांचं रिचार्ज. म्हणजे रेंज नसलेल्या फोनचं रिचार्ज तात्या मारतात, त्यातला वाटा निधीत जातो, निधीतून तार येते, तार पेटीत बसते, पेटीला कुलूप लागतं. २००२ पासून हा निधी गोळा होतो आहे. अनुदान घेतोय म्हणून तात्या इतकी वर्षं खाली मान घालून वागत होते. आता ते मान वर करून बसतात. रेंजही तशीच मिळते.

तार बिघडते कशी, हे ऐकण्यासारखं आहे. मानक असं, की ती जमिनीखाली १६५ सेंटिमीटर असावी. आमच्याकडे काही ठिकाणी ती रोटाव्हेटरला लागली. टाकणाऱ्याच्या पट्टीत दोष असेल, किंवा जमीन नंतर झिजली असेल. रस्ता रुंद करायला जेसीबी येतो, तो तार तोडतो. नळयोजनेची चारी खणायला दुसरा येतो, तो उरलेली तोडतो. विकासाची दोन कामं एकाच जागी भेटली, की तिसरं काम जागीच दगावतं. त्यात तालुक्यापासून गावापर्यंत तारेची एकच सरळ ओळ. अलीकडे एक घाव बसला, की पलीकडची सगळी गावं एकदम मौनात जातात.

नव्या कार्यक्रमात यावर तोड काढली आहे. तार सरळ न्यायची नाही, रिंगण करायचं. एका बाजूनं तुटली, तर दुसऱ्या बाजूनं वळसा घालून नेट येईल. शिवाय दहा वर्षं देखभालीचे पैसे धरलेत. हे मात्र खरोखरच शहाणपणाचं आहे, उपहास बाजूला ठेवून सांगतो. आजवर तार टाकण्याचं बिल निघायचं, ती जिवंत ठेवण्याचं नाही. विहीर खणायला अनुदान आणि मोटारीला शून्य, असला तो प्रकार होता. फक्त हे शहाणपण यायला बारा वर्षं लागली आणि तोवर जेसीबीवाल्यांचंही रिंगण झालं आहे.

या बाबतीत महाराष्ट्र कधीच मागे नव्हता. १९९८ साली वारणानगरला तारांनी जोडलेल्या गावांचा प्रकल्प निघाला. सत्तरेक गावांत संगणक बसले, देशोदेशीचे अभ्यासक येऊन गेले. काही वर्षांनी बघितलं तर शेतकरी त्यावर मुख्यतः उसाच्या वजनाची चौकशी करत होता. ते काम साध्या मोबाईलच्या संदेशावर भागतं, असं दिसलं. मग संगणकाच्या जागी संदेश आला. मेळघाटातलं हरिसाल २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी त्याची चित्रफीत भर सभेत दाखवली, आणि जाहिरातीतला लाभार्थीच मंचावर आणून उभा केला. हरिसालमध्ये व्हिडिओ चालो न चालो, हरिसालचा व्हिडिओ राज्यभर चालला.

आता जमिनीतून जमेना म्हणून आभाळातून येणार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव इथपासून सुरुवात. उपग्रह साडेपाचशे किलोमीटर उंचीवर फिरतो, तिथं जेसीबी पोचत नाही, एवढं समाधान. आमच्या शिरूरचं त्या यादीत नाव नाही. रांजणगावच्या एमआयडीसीमुळे आम्ही पुढारलेल्यांत मोजले जातो. कारखान्यांत जपान-कोरियाशी समोरासमोर बोलणी चालतात आणि इकडे लाडक्या बहिणी ओटीपी यावा म्हणून गच्चीवर हात वर करून उभ्या राहतात.

परवा तात्यांच्या मळ्यात गेलो. बांधाकडेला टाकलेली फायबरची नळी ठेकेदार अर्ध्यावर सोडून गेला होता. तार आलीच नाही, रिकामी नळी राहिली. चांगली जाडजूड, उन्हानं न तडकणारी. तात्यांनी ती विहिरीपासून थेट मिरचीच्या वाफ्यापर्यंत नेली होती.

"तात्या, सरकारी मालमत्ता आहे ती."

"मग काय झालं? गावापर्यंत आणायचीच होती ना?"

मी विचारलं, स्पीड कसा आहे.

"लाईट असली की फुल्ल."