मुद्दाम केलंय!

तात्या साताऱ्याचे, सासुरवाडी सांगलीची आणि निष्ठा जर्मनीतल्या वेट्झलर गावाशी. तिथल्या लाइट्स कारखान्यातल्या ऑस्कर बार्नाकला दमा होता. अवजड प्लेट-कॅमेरा घेऊन त्याला हिंडवेना, म्हणून त्याने सिनेमाची फिल्म आडवी घालून २४ बाय ३६ मिलिमीटर चौकटीचा खिशात मावणारा कॅमेरा केला आणि १९२५ साली लाइका बाजारात आली. ही कथा तात्या अजिंक्यताऱ्याच्या प्रत्येक वळणावर थांबून सांगतात. थांबायचं कारण बार्नाकचा दमा की तात्यांचा, हे विचारायचं नसतं.

तात्यांच्या गळ्यात असते ती मात्र जपानी यशिका इलेक्ट्रो ३५. लाइकाची किंमत काकूंसमोर उच्चारायला बंदी आहे.

यशिकाचं कुठलंही वैगुण्य दाखवा, उत्तर ठरलेलं: “मुद्दाम केलंय!” एसटीचं वेळापत्रक, नगरपालिकेचा नळ आणि स्वतःचा मुलगा यांच्यामागे काही भला हेतू असेल अशी शंकाही तात्यांना कधी येत नाही, पण कॅमेऱ्याच्या स्क्रूमागेसुद्धा येते. कास पठारावर आम्ही बोटाएवढ्या फुलांवर मोबाइल धरत होतो. यशिका ८० सेंटिमीटरच्या आत काही जुळवत नाही. “फुलाच्या अंगावर जायचं नाही, हाच हेतू!” कुंपण ओलांडू नका म्हणून घसा कोरडा करणाऱ्या वनखात्याला असा पाठीराखा जन्मात मिळाला नसेल. फोटोत गवत सुरेख आलं.

माणसांचे हाल वेगळे. कॅमेऱ्याच्या समोरच्या दोन खिडक्यांतून शिरणाऱ्या दोन प्रतिमा आतल्या पिवळट ठिपक्यात एकमेकींवर बसल्या की अंतर जुळलं. खिडक्या एकमेकींपासून जितक्या लांब तितका नेम पक्का. १९५४ च्या लाइका एम-३ मध्ये त्या जवळजवळ ७ सेंटिमीटरवर, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून किंचित जास्तच. हे सगळं तात्या फोटो काढता काढता सांगतात. “हलू नका, वहिनी अजून दोन आहेत!... आता दीड!” तोवर मुलांची पंगत उठलेली असते.

सांगलीला, विश्रामबागेत, मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. तात्यांनी अख्खा रोल संपवला. आत आरसा नाही, त्यामुळे मोठा खटका नाही. नवरीला फोटो निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. रोल धुऊन आला तो काचेसारखा कोरा. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं होतं.

“बघण्याची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी,” तात्या शांतपणे म्हणाले. “एकीचं दुसरीला कळू नये, अशीच रचना आहे. नजर मोकळी राहते.”

सासूबाईंनी भडंगाची बशी पुढे सरकवली. “जावईबापू, झाकण तरी मुद्दाम नव्हतं ना?”

तात्या त्यावरही बोलले असते, पण तोंडात भडंग होतं. मेहुण्याच्या मोबाइलवरचे फोटो मात्र त्यांनी त्याच रात्री मागवून घेतले आणि त्यातल्या तीन फोटोंत आपलं डोकं कापलंय म्हणून त्याला फोन केला.