टपावरचे खेळाडू

'व्हाइस सिटी' हा गेम 2002 साली एडिंबरोच्या रॉकस्टार नॉर्थने काढला. गुंडाची गोष्ट, एकामागून एक मिशन, शेवटी शहर मुठीत. आपल्या पोरांनी ती गोष्ट पुरी केलीच नाही. खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून इमारतीत बॉम्ब ठेवायचं मिशन आलं, सुटेना, आणि गोष्टीला तिथेच रामराम. मग सुरू झाला खरा खेळ! टॅक्सी ढापून भाडी मारायची. नाहीतर गाडी थेट समुद्रात. नायकाला पोहता येत नाही, हे माहीत असून.

काही महाभाग तर लाल सिग्नलला थांबतात. वास्तविक या गेममध्ये सिग्नल तोडला तर पोलीस ढुंकूनही बघत नाही. तरी हे हिरवा होईपर्यंत शहाण्यासारखे उभे. आणि संध्याकाळी हीच मंडळी ग्वाल्हेरच्या लश्करात, महाराज बाड्यावर, स्कूटी उलट्या बाजूने घुसवणार. तिथे मोडायची मुभा म्हणून पाळायचं, इथे पाळायची सक्ती म्हणून मोडायचं. हिशेब चोख!

गेम बनवणाऱ्यांनी यावर नाक मुरडू नये. याच मालिकेचा पहिला गेम स्कॉटलंडमधल्या डंडीत 'रेस अँड चेस' या नावाने शिजत होता, तेव्हा तो सपक होता. प्रोग्रामात काहीतरी बिघडलं, पोलिसांच्या गाड्या पिसाळल्यासारख्या अंगावर येऊ लागल्या, आणि चाचणी घेणाऱ्यांना नेमकं तेच आवडलं. 1997 साली दुकानात आला तो हा बिघाड, नीट वेष्टनात बांधून. 'स्ट्रीट फायटर 2'मधली ठोशांची सरबत्तीही अशीच चुकून सापडली. तो गेम काढणाऱ्या कॅपकॉमने ती शहाणपणाने राहू दिली.

ग्वाल्हेरला यात नवल वाटायचं कारण नाही. माधवराव महाराजांनी जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवली. मूळचं पोरांचं खेळणं, महाराजांनी त्याला वाढप्याच्या कामाला लावलं. पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन ती येई. बाटली उचलली की थांबे. एकदा खुद्द व्हाइसरॉयपुढे ती बिनसली आणि बड्या पाहुण्यांच्या कपड्यांवर रस्सा उडवत सुटली, असं सांगतात. किस्सा खरा असो वा तिखटमीठ लावलेला, इतक्या मेजवान्यांतली लोकांच्या लक्षात राहिली ती तेवढीच.

महाराजांची दुसरी आगगाडी दोन फुटी नॅरोगेज. ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे दोनशे किलोमीटर आणि अख्खा दिवस. आखणाऱ्याने माणसांसाठी डबे दिले होते, आत बाकं दिली होती. चंबळच्या माणसाने डबा पाहिला आणि टपावर चढला. वर वारा, पाय पसरायला जागा, तिकीट तपासनीस सहसा फिरकत नाही. (जीव जाण्याची सोयही होती, आणि या खेळात पुन्हा सुरू करायचं बटण नव्हतं.) रेल्वेने पाट्या लावल्या, दंडाचा धाक घातला. टप भरलेलाच.

मार्च 2020 मध्ये ती गाडी बंद झाली. आता तिथे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज येते आहे, आणि टपाच्या वर विजेची तार.