सोयरीकवाले सेक्रेटरी

वऱ्हाडातल्या प्रत्येक ख्रिस्ती मंडळीत एक पाळक असतो, चार-पाच वडीलजन असतात, पेटीवर बसणारी एक बाई असते आणि एक सेक्रेटरी असतो. पाळकांची बदली होते, वडीलजन निवडणुकीत पडतात, पेटीचे सूर उतरतात. सेक्रेटरी मात्र असतो तिथेच असतो. आमच्या चांदूर बाजारचे सेक्रेटरी पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचं नाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. हाच माणूस तुम्हाला परतवाड्यात भेटेल, मूर्तिजापुरात भेटेल, खामगावातही भेटेल. फार तर चष्म्याची काडी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधलेली असेल.

त्यांच्याकडे खातं एकच, पेन्सिल्व्हेनिया. तिथल्या एका लहानशा गावातल्या मंडळीशी आमच्या मंडळीची भागीदारी आहे. भागीदारी हा शब्द पाळकसाहेबांचा. सेक्रेटरींना तो चालत नाही.

"भागीदारी दालमिलमंधी असते, भाऊ. हे सोयरीक हाय."

सोयरीक म्हटली की मानपान आला, आहेर आला, रुसवेफुगवे आले. पण खरा प्रश्न असा की मुलाकडचे कोण? सेक्रेटरींचा हिशेब सरळ आहे. देणं-घेणं नेहमी मुलीकडून होतं. पैसे इतकी वर्षं तिकडून आले. म्हणजे अमेरिका मुलीकडची आणि चांदूर बाजार मुलाकडचं. त्यामुळे तिकडचं पत्र आलं की ते लगेच उत्तर देत नाहीत. आठ दिवस ठेवून देतात. "लगेच लिहिलं तं किंमत राह्यत नाई."

सोयरीक तशी जुनी. न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्पसन यांनी 1887 मध्ये जी चळवळ उभी केली, तिचीच पुढे 'अलायन्स' झाली आणि अकोला, अमरावती, खामगाव अशी तिची ठाणी वऱ्हाडात बसली. अकोल्याला राहिलेल्या जेनी फुलर यांनी हिंदुस्थानी बायकांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते 1900 साली निघालं. त्याच साली दुष्काळाने माणसं पाचोळ्यासारखी पडत होती, तेव्हा न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी काढली आणि 'क्विटो' नावाच्या बोटीतून मका मुंबईला आला. सेक्रेटरींचे पणजोबा दुष्काळात पोरके होऊन मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले. "माह्या पणज्यानं मका खाल्ला," ते म्हणतात, "अन् आभाराची पत्रं मी लिहून राह्यलो."

आपल्याच नव्हे, साऱ्या वऱ्हाडाच्या सोयरिकी त्यांना तोंडपाठ. यवतमाळला फ्री मेथोडिस्ट, बुलढाणा-वाशीमला नाझरीन. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना, त्याची मूळ संस्था वेलस्ली बेली यांनी 1874 साली आयर्लंडात काढलेली. कोणाचं स्थळ कसं, कोणाचे व्याही आता थकले, कोणी येणं सोडलं, हे सगळं ते मुलीचा बाप सांगतो तसं हळू आवाजात सांगतात. 1970 साली नागपुरात अनेक पंथांच्या मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं, आमची अलायन्स त्यात गेली नाही. यावर त्यांचं म्हणणं एवढंच की एकत्र कुटुंबात स्वयंपाकाचे वांधे होतात.

पाहुणे येतात जानेवारीत. पाच-सहा जण, पाठीवर पिशव्या, हातात पाण्याच्या बाटल्या. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला इथे उपदेश करता येत नाही, हा नियम सेक्रेटरी पाळकांपेक्षा कडक पाळतात. अमरावतीला उतरल्या उतरल्या पाहुण्यांना त्यांची पहिली सूचना हीच: "नो स्पीकिंग. ओन्ली स्मायलिंग." मग ती माणसं उपासनेत शेवटच्या बाकावर बसून दीड तास हसत राहतात. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत पोलिसांकडे त्याची नोंद करायची असते. ती करताना सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर असं तेज येतं की ठाण्यातला शिपाई उठून खुर्ची देतो. चिखलदरा, मुक्तागिरी दाखवून झालं की रोडगे आणि वांग्याची भाजी. तिखटाने पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं की सेक्रेटरी बाकीच्यांना सांगतात, "पाहा, मन भरून आलं त्याइचं."

जेवण झालं की ते पाहुण्यांना समोर बसवून इतिहास सांगतात. त्यात तीन माणसं ठरलेली. पहिले व्ही. एस. अझरय्या. 1910 मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली. हजारावर प्रतिनिधी, त्यात आशियातले मूठभर. तिथे उभं राहून या तमिळ गृहस्थांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुमचा त्याग पाहिला, आता जरा मैत्रीही द्या. दुसरे आपले रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. इथे सेक्रेटरींचा गळा दाटतो. स्वतः पेन्शनवर असल्यामुळे पगार सोडणाऱ्यांविषयी त्यांना फार आदर आहे.

तिसरे केनियाचे जॉन गाटू. या पाळकांनी 1971 मध्ये अमेरिकेत जाऊन सांगितलं की तुमचे मिशनरी आणि तुमचे पैसे काही वर्षं थांबवा, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्या. हे सांगताना सेक्रेटरी मांडीवर थाप मारतात. एकदा एका तरुण पाहुण्याने विचारलं, की मग आम्हीही थांबावं का? सेक्रेटरींनी आढ्याकडे पाहिलं. टिनांतून आकाश दिसत होतं.

"थांबा की," ते म्हणाले. "पन छप्पर झाल्यावर."

छप्पर झालं. पण त्याआधी आणि त्यानंतर फोटो झाले. पलीकडच्यांना फोटो लागतात. कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि काम झाल्यावरचा. बोअरवेल खोदली तर बोअरवेलचा नुसता फोटो चालत नाही, पाणी पिणारं लेकरू लागतं आणि ते हसणारं लागतं. चांदूर बाजारात मे महिन्यात हसणारं लेकरू शोधणं सोपं नाही. सेक्रेटरींनी त्यासाठी संडे स्कूलमधला एक पोरगा हेरून ठेवला होता. त्याचे पुढचे दोन दात पडलेले असल्याने तो न हसताही हसरा दिसायचा. बोअरवेल, छप्पर, शिलाई मशीन, तिन्ही फोटोंत तोच. दात आल्यावर त्याची नोकरी गेली.

तिकडूनही प्रेमाला कमतरता नव्हती. एका उन्हाळ्यात तिथल्या आज्यांनी विणलेल्या लोकरीच्या टोप्यांचं पार्सल निघालं. ते आधी चांदूर रेल्वेला गेलं. आमच्या जिल्ह्यात चांदूर दोन, आणि नवखी माणसं चुकतातच. सेक्रेटरींनी जन्म पोस्टात काढलेला, त्यामुळे पत्ता चुकणं हा त्यांना दहा आज्ञांमध्ये राहून गेलेला अकरावा गुन्हा वाटतो. ते स्वतः जाऊन पार्सल घेऊन आले, भर उन्हात, एक टोपी डोक्यावर घालून. का, तर फोटो पाठवायचा होता. टोप्या आता नाताळच्या नाटकात मेंढपाळांना होतात.

मग झूम आलं. त्यांची रविवारची सकाळ म्हणजे आपली रात्र पडायची वेळ. पहिल्याच संयुक्त प्रार्थनेत तिकडच्या पाळकांनी डोळे मिटले आणि इकडचं नेट गेलं. पडद्यावर डोळे मिटलेले पाळक तसेच. आमची मंडळीही डोळे मिटून उभी. अमेरिकन माणसाला एवढी लांब प्रार्थना येते याचं सगळ्यांना नवल वाटत होतं. शेवटी मागून एक म्हातारी म्हणाली, "सेक्रेटरी, डोये उघडा जी. तो मानूस कवाचा अटकला."

2020 च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. ज्यांना तो घेता येतो त्यांनीही आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरवायचा. आमच्यासारख्या लहान मंडळीला जे काही मिळायचं ते वरच्या संस्थेकडून पाझरत यायचं. ते आटलं. गावात सगळ्यांना वाटलं, आता सेक्रेटरींचं खातंही मिटलं. मला विचाराल तर मलाही तसंच वाटलं होतं. पैसा हा या नात्याचा कणा आहे आणि बाकी सगळी प्रार्थना, असं माझं मत होतं.

सेक्रेटरींनी कायदा मराठीत वाचला, इंग्रजीत वाचला आणि जाहीर केलं, "आहेर बंद झाला. सोयरीक चालू हाय." पत्रं चालू राहिली. उलट आता ती लवकर जाऊ लागली. कोणाचा गुडघा बदलला, कोणाची सून घर सोडून गेली, कोणाची संत्री गळली, हे दोन्हीकडे कळत राहिलं. दर रविवारी आमच्याकडे मध्यस्थीच्या प्रार्थनेत पेन्सिल्व्हेनियातल्या आजारी माणसांची यादी वाचली जाते, आणि चांदूर बाजारच्या बाया त्या नावांचे असे उच्चार करतात की देवालाच ओळख पटावी. त्या यादीवरूनच सेक्रेटरींच्या लक्षात आलं की तिकडची मंडळी म्हातारी झाली आहे. तरुण शहरात गेले. बाकं रिकामी. आणि मागच्या हिवाळ्यात त्यांच्या चर्चचा बॉयलर बंद पडला.

सेक्रेटरींनी अर्पणाची थैली फिरवली. "मुलीकडचे अडचनीत हायेत," एवढंच सांगितलं. मोठ्या मुश्किलीने काही हजार जमले, त्यात दोन-दोन रुपयांची नाणीही होती. पैसे पाठवायला ते एसटीने अमरावतीच्या बँकेत गेले. खिडकीतल्या पोराने विचारलं, किती येणार आहेत? "येनार नाई, जानार हायेत." कुठे? "अमेरिकेले." कशासाठी? "मदत." पोराने साहेबांना बोलावलं. साहेबांनी ए-टू फॉर्म दिला, पॅन कार्ड मागितलं आणि रकमेच्या मानाने बँकेचा आकार फार पडेल असं समजावलं. सेक्रेटरींनी आकाराचे पैसे खिशातून भरले.

पैसे पोचले. तिकडून आभाराचं पत्र आलं, चांगलं दोन पानी, रडायला लावणारं. सेक्रेटरींनी ते बाजूला ठेवलं. "पावती कुठं हाय?" पावती मागवली, आली. फोटो मागवला, आला. नुसता बॉयलर. सेक्रेटरींनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला आणि त्याच रात्री लिहिलं की फोटोत लाभार्थी दिसत नाहीत, कृपया लाभार्थ्यांसह पाठवावा, चेहरे प्रसन्न असावेत. महिन्याभराने दुसरा फोटो आला. तळघरातल्या बॉयलरभोवती कोट घातलेली सात म्हातारी माणसं, दात दाखवून उभी.

मंडळीत सगळ्यांनी तो हातोहात पाहिला. सेक्रेटरी मात्र खूश नव्हते.

"हा नंतरचा झाला," ते मला म्हणाले. "पयलेचा कुठं हाय? थंडीनं कुडकुडतानाचा?"

दुसरं स्मरणपत्र परवाच गेलं.