पाऊण कोटीची फटफटी

परदेशात मोटरसायकल विकत घेऊन तो देश पालथा घालावा, अशी इच्छा दोन प्रकारच्या लोकांना होते. ज्यांनी बुलेटवर लेह केलेलं असतं त्यांना, आणि ज्यांनी लेह केलेल्यांचे फोटो वर्षभर पाहिलेले असतात त्यांना. प्रस्तुत मार्गदर्शन दोघांनाही लागू आहे.

देश व्हिएतनाम निवडावा. मुंबईहून थेट विमान आहे. देश उभा आणि चिंचोळा. डावीकडे समुद्र ठेवला की आपण दक्षिणेला चाललो आहोत, एवढा भूगोल पुरतो. हनोईत गाडी घ्यायची, सायगॉनला विकायची. (नकाशावर त्याला हो ची मिन्ह सिटी म्हणतात, गावात फार कमी लोक म्हणतात.) घरची बुलेट नेण्याचा हट्ट सोडावा. वाटेत म्यानमार आहे, आणि परदेशी नंबरप्लेटची गाडी व्हिएतनाम सहजासहजी आत घेत नाही. पोहोचेपर्यंत रजा संपेल.

या खरेदीचा आदर्श पाठ 2008 साली बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ने घालून दिला आहे. तिघा निवेदकांना बुटांच्या खोक्यात भरून दीड-दीड कोटी डोंग दिले गेले. तिघेही काही काळ श्रीमंत होते. मग कळलं की ही रक्कम हजार डॉलरच्या आसपास आहे आणि तेवढ्यात मोटार येत नाही. तेव्हा एकाने व्हेस्पा घेतली, एकाने होंडा सुपर कब आणि एकाने मिन्स्क नावाची बेलारूसची टू-स्ट्रोक. तेव्हापासून जगभरच्या पाठपिशवीवाल्यांना वाटतं की आपल्यालाही हे जमेल. जमतं. तीनशे डॉलरच्या आसपास गाडी मिळते, म्हणजे सुमारे पाऊण कोटी डोंग. घरी फोन करून हा आकडा चलनाचं नाव न घेता सांगू नये. पैसे मोजताना मात्र दिवसाउजेडी मोजावेत, कारण वीस हजारांची नोट निळी आहे आणि पाच लाखांचीही निळीच आहे, आणि दोन्हींवर हो ची मिन्ह सारख्याच शांतपणे पाहतात.

गाडी ‘होंडा विन’ असेल. मुळात विन ही शंभर सीसीची साधी, कष्टाळू गाडी होती. तुम्हाला मिळेल ती बहुधा तिची चिनी नक्कल. इंजिन चीनचं, चॅसी कुणाचं ते विचारू नये, टाकीवरचं होंडाचं स्टिकर मात्र कोरं करकरीत. लेहवाल्यांना सुरुवातीला ती अंगाने फार लहान वाटते. दोन दिवसांत सवय होते, कारण निम्मा वेळ तिच्यावर बसायचं नसून तिला ढकलायचं असतं.

आता पारख. गाडी दाखवताना विक्रेता म्हणेल, ‘एका किकला सुरू होते.’ किक मारण्याआधी इंजिनला हात लावून पाहा. गरम लागलं तर ती किक अर्ध्या तासापूर्वीच मारून झालेली आहे. नवा रंग दिसला तर त्याच्या खाली वेल्डिंग शोधा, हँडलच्या मानेपाशी आणि सीटखाली, सापडेल. निळसर धूर म्हणजे रिंगा गेल्या. किलोमीटरचा काटा बंद असणं हा दोष समजू नये. चालू असता तर विश्वास बसला नसता. मागच्या चाकाच्या तारा एकेक करून वाजवून पाहा, कारण सगळं सामान तुम्ही तिथेच लादणार आहात. ब्रेक पाहावेत, पण हॉर्न आधी पाहावा. समोरून बस ओव्हरटेक करत तुमच्या लेनमध्ये येते तेव्हा ती थांबेल अशी आशा कुणी ठेवत नाही. ‘मी इथे आहे’ एवढंच कळवायचं असतं.

घासाघीस करताना आपण मराठी माणसं अकारण भावुक होतो. त्याची गरज नाही. हनोईत बरेचदा विकणाराही पर्यटकच असतो, दक्षिणेकडून गाडी हाकत आलेला. त्याला एकच प्रश्न विचारावा: ‘फ्लाइट कधीची?’ उत्तर ‘उद्या’ असेल तर चहा मागवा आणि गप्प बसा.

मग कागद. कागद एकच असतो, निळं कार्ड. त्यावर गाडीचा नंबर, इंजिन आणि चॅसीचे नंबर, आणि मालकाचं नाव असतं. हे नाव तुमचं नाही. विकणाऱ्याचंही नाही. त्याला ज्याने विकली त्याचंही नाही. ते कुठल्याशा जिल्ह्यातल्या कुणा गृहस्थाचं आहे, ज्याने ती केव्हातरी नवी घेतली आणि ज्याला आपली गाडी अजून देशभर फिरते आहे याची कल्पना नसावी. पर्यटक व्हिसावर गाडी स्वतःच्या नावावर होत नाही, त्यामुळे हस्तांतर फक्त हातांचं होतं. ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे त्यांना या व्यवस्थेत परकं वाटणार नाही. तरीही कार्डावरचे नंबर इंजिनवरच्या नंबरांशी ताडून पाहावेत. ते जुळले तर गाडीच बदलून मागावी असं काही जाणकार म्हणतात, पण तो निव्वळ खवचटपणा आहे. न जुळणारं कार्ड घेऊ नका. आणि कार्डच नसलेली गाडी तर फुकट मिळाली तरी नको.

परवान्याच्या बाबतीत थोडं गंभीर व्हावं लागेल. आपलं आरटीओ आंतरराष्ट्रीय परवाना देतं तो 1949 च्या जिनिव्हा करारानुसार. व्हिएतनाम मानतं 1968 चा व्हिएन्ना करार. म्हणजे तुम्ही रांगेत उभे राहून, फी भरून, फोटो चिकटवून घेतलेली ती पुस्तिका हनोईच्या पोलिसापुढे धरली तर तो ती कुतूहलाने चाळेल, आणि दंड करेल. उत्तरेत ‘हा जियांग’ नावाच्या भागातल्या घाटांत, जिथे सगळे पर्यटक फोटोसाठी जातात, तिथे पोलीसही त्यांच्यासाठीच उभे असतात. दंड परवडतो. परवडत नाही ते हॉस्पिटल: वैध परवाना नसताना अपघात झाला तर तुमची प्रवास विमा कंपनी क्लेमचा कागद आदराने परत करते. तेव्हा एकूण स्थिती अशी: गाडी दुसऱ्याच्या नावावर, परवाना चालत नाही, विमा लागू नाही. उरलेलं सगळं नियमात बसतं. शहाण्याने इथेच मार्गदर्शन मिटून हा जियांगला मागच्या सीटवर बसावं. स्थानिक चालक मिळतात आणि ते घाटात सेल्फी काढत नाहीत. इतरांनी पुढे वाचावं.

हेल्मेट घालावंच. 15 डिसेंबर 2007 पासून तिथे सगळ्या रस्त्यांवर सक्ती आहे आणि, पुणेकरांनी नोंद घ्यावी, लोक ती पाळतात. विक्रेता गाडीबरोबर जे हेल्मेट फुकट देईल ते प्लास्टिकच्या वाटीच्या जातीचं असतं. बरं हेल्मेट वेगळं विकत घ्या. 2020 पासून दारू पिऊन चालवण्याच्या बाबतीत मर्यादा शून्य आहे, म्हणजे हनोईच्या फुटपाथवरच्या त्या स्वस्त, ताज्या ‘बिया होइ’ बिअरचा अर्धा ग्लाससुद्धा नाही. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. दा नांगच्या अलीकडच्या हाय वान घाटाखालून सहा किलोमीटरचा बोगदा आहे, पण त्यातही दुचाकी चालवता येत नाही. हे उत्तमच, कारण बोगद्यात फक्त बोगदा आहे आणि वर घाटात समुद्र आहे.

गाडी बंद पडेल. कुठे, एवढाच प्रश्न. ‘सुआ से’ अशी पाटी किंवा नुसता खांबाला टांगलेला टायर दिसला की तिथे मेकॅनिक आहे. तो जेवण अर्धवट सोडून उठेल, कार्बोरेटर उघडेल, तुमच्याकडे न पाहता हसेल. त्याने कॅल्क्युलेटरवर दाखवलेल्या आकड्यावर वाद घालू नये. दर पाचशे किलोमीटरला ऑइल बदला. फोंग न्याहून खे सान्हकडे हो ची मिन्ह मार्गाच्या पश्चिम फाट्याने जाणार असाल तर टाकी काठोकाठ भरा आणि वर बाटलीत पेट्रोल घ्या. दोनशेहून अधिक किलोमीटर जंगल आणि चुनखडीचे डोंगर आहेत, पंप जवळपास नाहीत. हा सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर रस्ता, आणि विन बंद पडायला सर्वांत वाईट. गाडीवरून नेहमी डावीकडे उतरावं. उजवीकडे सायलेन्सर आहे. पोटरीवर जो गोल डाग पडतो त्याला ‘सायगॉन किस’ म्हणतात आणि तो बराच काळ जात नाही.

फारच कंटाळा आला तर गाडी रेल्वेत टाकता येते. पेट्रोल काढून घेतात, वेगळं तिकीट लागतं, आणि फोटोंत हा भाग दाखवण्याची सक्ती नाही.

सायगॉनला पोहोचल्यावर गाडी धुवा, टाकीवर नवं स्टिकर लावा आणि विमानाच्या किमान चार दिवस आधी विकायला काढा. गिऱ्हाईक येण्याच्या अर्धा तास आधी किक मारून ठेवा. तो उत्तरेकडे निघालेला एखादा उत्साही तरुण असेल. फ्लाइट कधीची विचारलं तर ‘तिकीट अजून काढलेलं नाही’ म्हणावं. कार्डावरचं नाव कुणाचं, असं विचारलं तर ‘मित्राच्या मित्राचं’ असं सांगावं. तुम्हालाही हेच सांगितलं होतं.