उजवीकडे वळावयाचे असल्यास

करमाळा तालुक्यातील केम हे गाव हळदीपासून होणाऱ्या कुंकवासाठी आणि पुणे–सोलापूर लोहमार्गावरील आपल्या स्थानकासाठी ओळखले जाते. नौकानयनाशी त्याचा संबंध जोडण्याचे धाडस आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तथापि १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि धरणामागे तुंबलेले पाणी, म्हणजेच फुगवटा, तालुक्याच्या पश्चिम सीमेपर्यंत पसरला. त्यामुळे निवांत जलविहाराची विद्या संपादन करू पाहणाऱ्या केमच्या एका पोक्त प्रवाशाला जेऊरमार्गे कुगावचा काठ गाठणे एवढेच कष्ट उरले. होडीच्या पुढच्या टोकास नाळ म्हणतात, समोरासमोर आलेल्या दोन यांत्रिक होड्यांनी आपापल्या उजवीकडे वळावे आणि जाळी लावलेली असतील तेथून लांबून जावे, हे सर्व त्याला मुखोद्गत होते. जेऊरच्या चहावाल्यालाही ते निरुपायाने मुखोद्गत झाले.

कुगावहून होडी पाण्यात निघाली आणि समोरून मासेमाराची होडी येताच प्रवाशाने सुकाणूचा दांडा शास्त्रोक्त आत्मविश्वासाने उजवीकडे ओढला. दांडा उजवीकडे गेला की होडीचे मागचे टोक उजवीकडे ढकलले जाते आणि नाळ डावीकडे वळते, हा भाग बहुधा पुढील प्रकरणात असावा. होडी थर्माकोलच्या तरंगत्या तुकड्यांच्या रांगेवरून गेली. ही रांग म्हणजे पाण्याखालच्या जाळ्याची खूण असते, हे पंख्याला जाळ्याचे तीन वेढे बसून इंजिन घुसमटल्यावर ध्यानी आले. प्रवासी क्षमायाचनेसाठी उभा राहिला, त्यामुळे होडी कलली. चेहऱ्यावर गावचे कुंकू फासल्यासारखा रंग चढला, आणि त्याने जाळे कापण्यासाठी चाकू मागितला.

"कापायचं न्हाई, पाव्हणं. पोटावर पाय येतो आमच्या. खाली बसा आदी."

मासेमार शेजारी होडी लावून या होडीत आला, परंतु जाळ्याला हात लावण्यापूर्वी त्याने प्रवाशाच्या जीवरक्षक जॅकेटचा लोंबता पट्टा ओढून घट्ट बांधला. २१ मे २०२४ रोजी याच पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. या काठावर पट्ट्याची चेष्टा कोणी करीत नाही, आणि येथेही ती केलेली नाही.

नंतर मासेमाराने पंखा हाताने उलटा फिरवत एकेक वेढा सोडवला, जाळ्याचे फाटलेले घर दोन बोटांत धरून मापले आणि मधे अडकलेली चिलापी निमूटपणे आपल्या टोपलीत टाकली. नुकसानभरपाई म्हणून प्रवाशाने ती टोपलीच विकत घेतली, ज्यावर केममधील शाकाहारी पत्नीचे मत नंतर सविस्तर ऐकावे लागले. दांडा पुन्हा प्रवाशाच्याच हाती देण्यात आला, मात्र मासेमाराचा हात त्यावर राहिला. पाणी उतरले की वर येणारे पळसदेवचे मंदिर आणि उथळ पाण्यातले रोहित पक्षी वाटेत होते असे म्हणतात. प्रवाशाची नजर थर्माकोलवर होती.